खुर्चीवरचा कोट

ज्या वर्षांत दिल्लीने कारखान्यांचे परवाने मोडीत काढले, त्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये खुर्चीचा परवाना जोरात चालू होता. तालुक्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले वकील नोटीस देतील. नाही सांगितलं तर जिल्ह्यातली प्रत्येक बार रूम 'हे आपल्यावरच लिहिलंय' म्हणून खूश होईल. लोक खूश झालेले बरे.

परवान्याची रीत सोपी होती. खुर्चीच्या पाठीवर काळा कोट टांगलेला असला की ती खुर्ची भरलेली. कोटाचा मालक चहाला गेलेला असो, जेवायला गेलेला असो, नाहीतर देवाघरी गेलेला असो. बीडच्या उन्हात काळा कोट अंगावर वागवणं म्हणजे आरोप सिद्ध होण्याआधीच शिक्षा भोगणं. त्यामुळे कोट खुर्चीवर राहायचा आणि वकील नुसत्या शर्टावर हिंडायचे. न्यायाधीशांसमोर जाताना कोट अंगात चढवायचा, तेवढ्या वेळापुरता खुर्चीवर रुमाल टाकायचा, आल्यावर कोट पुन्हा जागेवर.

खिडकीजवळ, पंख्याच्या बरोबर खाली जी खुर्ची होती, तिच्यावर रामकिसन वकिलांचा कोट होता. रामकिसन वकील वारले तेव्हा गावात टीव्हीला एकच चॅनल दिसायचं. आता केबलवाल्याने कोर्टाच्या छपरावरूनही तारा ओढल्या होत्या, कॅन्टीनमध्ये परदेशी कोला आला होता, कोट मात्र होता तिथेच होता. सिदू शिपाई दर सोमवारी त्याच्यावरची धूळ झटकायचा. झटकण्याआधी "काका, जरा मान वर करा" म्हणायचा. खुर्ची राखून ठेवली होती ती रामकिसन वकिलांचे सख्खे पुतणे आप्पाराव वकील यांच्या पुतण्यासाठी. हा मुलगा बारावीत होता, आणि बारावी सोडायला तो काही केल्या तयार नव्हता.

आता ज्याचा काका वकील नाही, मामा वकील नाही, त्याला खुर्ची कुठून येणार? असे वकील कोर्टाच्या आवारात जागा सापडेल तिथे होते. चौसाळ्याच्या चन्नप्पा शेट्यांचा मुलगा संगमेश्वर स्टॅम्पवाल्याच्या पत्र्याच्या पेटीवर बसायचा. कोणाला स्टॅम्प पाहिजे असला की पेटी उघडायला त्याला उठावं लागायचं. मोईजोद्दीन इनामदार वयाने सगळ्यांत मोठे. ते आपल्या जुन्या फियाटमध्ये बसून पक्षकारांना भेटत. सावली सरकली की गाडी सरकवत, त्यामुळे सकाळी पश्चिमेला भेटलेले वकील दुपारी शोधायला पक्षकाराला कोर्टाला वळसा घालावा लागे. बंकट कैकाडी समाजातला. तो एसटीडी बूथच्या काचेच्या खोलीत बसायचा. कोणी फोन करायला आलं की वकील बाहेर, आणि पक्षकाराच्या खुनाच्या खटल्याची चर्चा सगळ्या रस्त्याला.

आणि मोहिनी देवकते. पालीच्या सटवा देवकत्यांची मुलगी. सटवांच्या घरी मेंढरं होती, थोडी कोरडवाहू होती, आणि या एका मुलीखेरीज भावकीत कोणी कोर्टाची पायरी स्वतःहून चढलेलं नव्हतं. बीडला वकिलांची दाटी म्हणून ती एस.टी.ने तालुक्याला यायची. तिचं ऑफिस म्हणजे रतनबाईच्या चहाच्या हॉटेलातल्या बाकड्याचं टोक. गिऱ्हाईक वाढलं की रतनबाई प्रेमाने म्हणायची, "वकीलबाई, तेवढं उठा. सरकारी मानसं आली."

मोहिनीची आत्या मनकर्णा याच तालुक्यात दिलेली. तिच्या गायरानाच्या वाटेचा तंटा होता. भाचीला पहिली मोठी केस द्यायची म्हणून ती नवं लुगडं नेसून कोर्टात आली, आणि संध्याकाळी भाचीला बाकड्यावर भेटली तेव्हा केस आप्पाराव वकिलांकडे गेलेली होती.

"आत्या, कावून दिली त्यांना?"

"आगं, दुपारपस्तोर हुडकलं तुला. ज्याला इचारावं तो म्हनतो, हाय, इथंच कुटंतरी आसती. इथंच कुटंतरी म्हंजी कुटं बसावं मानसानं? आप्पाराव वकील बसलेले व्हते. मंग मीबी बसले. मंग त्यांनी आंगठा घेतला."

यात मनकर्णाआत्याचं काही चुकलं असं मोहिनीला वाटलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात बीडच्या एका पतसंस्थेतून तिला नोकरीचं पत्र आलं. वसुली विभाग. महिनाअखेरच्या सोमवारी रुजू व्हायचं. सटवा ओसरीवर लोकर निवडत बसले होते.

"तिथं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"टेबल हाय. खुर्ची हाय."

"आन कोर्टात?"

मोहिनीने लोकरीचा एक पुंजका ओढला आणि निवडायला घेतला.

"मंग सोमवारपस्तोर बघ," सटवा म्हणाले. "न्हाई झालं तर खुर्ची बरी. पन तुला कोर्टच पाहिजे, ते मला दिसतंय."

मोहिनी दुसऱ्या दिवशी सरळ न्यायाधीशांकडे गेली. कोर्टामागे सायकल स्टँडची पत्र्याची शेड रिकामी पडली होती, कारण लोक आता स्कूटरवर यायला लागले होते. न्यायाधीश भले गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, एकट्या वकिलाला जागा देता येत नाही, नोंदलेल्या संस्थेने अर्ज केला तर विचार करता येईल. मोहिनी तिथून निघाली ती थेट फियाटपाशी.

रविवारी रतनबाईच्या हॉटेलात सभा भरली. संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. चौघं हे, शिवाय माजलगावचे एक बौद्ध वकील, अंबाजोगाईचे एक ख्रिस्ती वकील आणि गेवराईचे एक जैन वकील. सगळे एकटे, सगळे बिनखुर्चीचे. नाव ठरलं, अल्पसंख्य समाज वकील संघ. नावावर एकमत झाल्यामुळे भांडण लगेच अर्थावर सुरू झालं.

"गॅझेटमधी बघा," इनामदारचाचा म्हणाले. "अल्पसंख्य म्हंजे मी. हे ख्रिस्ती वकीलसाब, हे बौद्ध वकीलसाब. बाकी तुमी सगळे मेहमान हाय."

"चाचा, चौसाळ्याच्या पेठेत आमी लिंगायत लई हाय," संगमेश्वर म्हणाला. "पन बार रूममधी मी एकटा. मंग मी कोन?"

"तू वानी. वान्याला खुर्ची नसती मियाँ, गादी असती."

"गादी बापाची हाय. मी पेटीवर बसतो. तीबी दुसऱ्याची."

"आमच्या समाजाची कोर्टात लई ये-जा हाय," बंकट म्हणाला. "पोलिस आनून सोडतेत. आपल्या पायानं आलेला मी पयला."

यावर कोणाला हसावं की नाही ते कळेना, तेव्हा बंकट स्वतःच हसला, मग बाकीचे. गेवराईचे जैन वकील गेली कित्येक वर्षं फक्त तारखा मागण्यात वाकबगार होते. त्यांनी उभं राहून सुचवलं की विषय गुंतागुंतीचा आहे, तर पुढची तारीख द्यावी.

"तारीख न्हाई," मोहिनी म्हणाली. "लिहा. ज्याच्या कोटाला खुर्ची न्हाई, तो अल्पसंख्य."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "बेटी, ह्यात मी बसतो."

"तुमी गाडीत बसता, चाचा."

"तेच तर म्हनालो."

व्याख्या मंजूर झाली. अध्यक्ष व्हायला सातही जण तयार होते, म्हणून वयाच्या मानाने चाचा झाले. सचिव व्हायला कोणीच तयार नव्हतं, म्हणून मोहिनी झाली. सोमवारी बीडला नोंदणीचा अर्ज दाखल, आणि त्याच आठवड्यात हरकतही दाखल. हरकतदार, आप्पाराव वकील.

आप्पाराव वाईट माणूस नव्हते. बार रूममध्ये कोणीही आलं तरी ते चहा पाजत. खुर्ची नसलेल्याला उभ्याने पाजत, पण पाजत. त्यांना खरंच वाटत होतं की ही पोरं वकिलांत फूट पाडताहेत. त्यांच्या हरकतीतलं वाक्य सुरेख होतं: बार रूममधील सर्व खुर्च्या सर्व वकील बंधुभगिनींस मोकळ्या असून, कोणीही, केव्हाही, कोणत्याही रिकाम्या खुर्चीवर बसू शकतो, सबब वेगळ्या संघाची गरज नाही. हे लिहिताना त्यांचा हात जराही अडखळला नसणार. त्यांच्या दृष्टीने रिकामी खुर्ची बार रूममध्ये नव्हतीच.

सुनावणी बीडला, शुक्रवारी. पतसंस्थेच्या सोमवारआधीचा हा शेवटचा कामाचा दिवस. आज नोंदणी झाली नाही तर मोहिनी सोमवारी वसुली विभागात बसणार, हे सातही जणांना माहीत होतं. म्हणून सातही जण तयारीने आले. सगळ्यांचे कोट धुवून इस्त्री केलेले, गळ्याला पांढरे बँड. ख्रिस्ती वकिलांनी तर बुटांनाही पॉलिश केलं होतं. नोंदणी अधिकाऱ्यांची खोली लहान. पुढे दोन खुर्च्या, मागे एक लांब बाक. एका खुर्चीवर आप्पाराव, दुसरीवर त्यांच्या फायली. सातजण बाकावर दाटीवाटीने.

शिपायाने दारात उभं राहून पुकारा केला, "अर्जदार, अल्पसंख्य समाज वकील संघ, हाजिर हायेत का?"

कोणी उठलं नाही.

वकिलाच्या आयुष्यात पुकारा पक्षकाराचा होतो. पक्षकार उठतो, पिंजऱ्याजवळ जातो, हात जोडतो, मग वकील उठतो. सातही जण हे इतकी वर्षं करत आले होते की पुकारा झाल्याबरोबर सातही जणांनी मागे वळून पाहिलं, पार्टी कुठे आहे.

"अर्जदार, हाजिर हायेत का?"

"पार्टी कुटंय बे?" चाचांनी बंकटच्या कानात विचारलं.

"यील ना. चहा प्यायला गेली आसंल."

"अशा टायमाला? सांगून ठेवाया पाहिजे व्हतं."

"मी सांगितलं न्हाई, मला वाटलं संगमेश्वरनं सांगितलं."

जैन वकिलांनी पक्षकार गैरहजर असल्याने तारीख मिळावी असा अर्ज लिहायला घेतलासुद्धा.

तिसरा पुकारा झाला. साहेब नवीन होते, सोलापूरकडचे, कमी बोलणारे. त्यांनी बाकावरच्या सात काळ्या कोटांकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि 'अर्जदार गैरहजर, सबब' एवढं लिहिलं. पुढचा शब्द 'निकाली' असणार हे उलटं वाचूनही कळत होतं. आप्पारावांनी तेवढ्यात उठून, आपली बाजू पूर्ण करावी म्हणून, बोलायला सुरुवात केली. "साहेब, अर्जदारांना स्वतःच्याच संघाची किती आस्था आहे ते..."

मोहिनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पार्टी येणार नव्हती, कारण पार्टी आलेली होती आणि इस्त्रीचा कोट घालून बाकावर बसलेली होती. ती उठली. पक्षकार म्हणून उभं राहायचं तर कोट कशाला, असा विचार तिने केला. बँड सोडला, कोट काढला, आणि तो ठेवायला जागा शोधली. समोर आप्पाराव ज्या खुर्चीवरून नुकतेच उठले होते, तिच्या पाठीवर तिने तो टांगला. हे तिने मुद्दाम केलं की सवयीने, याबद्दल संघात अजून दोन मतं आहेत, आणि मोहिनी तिसरं मत देत नाही.

"साहेब, मी अर्जदार," ती म्हणाली. "मोहिनी सटवा देवकते. राहणार पाली. उशिराबद्दल माफी असावी, आम्ही सगळे वकीलच आलो."

साहेबांनी 'सबब'वर बोट ठेवलं. "तुमच्या बाजूने वकील कोण?"

बाकावरचे सहा जण एकदम उठले.

"एकजण पुरे," साहेब म्हणाले.

संगमेश्वर पुढे आला. त्याने आप्पारावांची हरकत हातात घेतली आणि, वाण्याचा मुलगा तागडीचा काटा स्थिर व्हायची वाट बघतो तसा, क्षणभर थांबला.

"आप्पारावसाहेब, बार रूममधल्या सगळ्या खुर्च्या सगळ्यांना मोकळ्या आहेत, हे आपण लिहून दिलंय."

"दिलंय. खरंच आहे."

"खिडकीजवळच्या खुर्चीवर कोट कुणाचा आहे?"

"आमच्या काकांचा. रामकिसन वकिलांचा."

"काका आता कुठे आहेत?"

आप्पारावांनी वर पाहिलं. साहेबांनीही त्यांच्यामागून वर पाहिलं. वर पंखा होता.

"वारले," आप्पाराव म्हणाले.

"म्हणजे वकील मयत, कोट हजर."

"तो मानाचा भाग आहे. तुम्ही बसायला मागितलं असतं तर कोणी नाही म्हटलं नसतं. रिकाम्या खुर्चीवर कोणीही बसावं. नेहमी हेच सांगत आलो आम्ही."

संगमेश्वरचे प्रश्न संपले, मोहिनीने अर्जदार म्हणून आपलं म्हणणं सांगितलं. बाकड्याचं टोक, रतनबाई, मनकर्णाआत्याचा अंगठा, सोमवार. जास्त काही नाही. साहेब लिहीत राहिले. एप्रिलची दुपार होती, खोलीत कूलर नव्हता, आणि आप्पाराव साठी ओलांडलेले. लिहिता लिहिता साहेबांनी मान वर केली.

"आप्पारावसाहेब, बसा ना."

"नको, ठीक आहे."

"बराच वेळ उभे आहात. खुर्ची आहे तुमच्यामागे."

आप्पारावांनी मागे पाहिलं. खुर्चीवर कोट होता. त्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या फायली होत्या. त्यांनी पुन्हा पहिल्या खुर्चीकडे पाहिलं.

"कोट आहे," ते म्हणाले.

"कोट आहे. माणूस नाही ना?"

"माणूस नाही."

"मग बसा."

आप्पारावांनी पाऊल उचललं आणि परत ठेवलं. तीस-पस्तीस वर्षांची सवय एका वाक्याने मोडत नसते. घाम त्यांच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. खोलीत कोणी हसलं नाही. बंकटने खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला, तेवढंच.

"बसवत नाही, साहेब," आप्पाराव शेवटी म्हणाले.

साहेबांनी 'सबब' शब्द खोडला नाही. त्याच्या आधीचे शब्द खोडले आणि पुढे लिहिलं. सबब हरकत फेटाळण्यात येत आहे. बार रूममधील खुर्च्या सर्वांना मोकळ्या असल्याचं हरकतदारांचं निवेदन नोंदवून घेण्यात येत आहे. संघ नोंदवण्यात यावा.

मोहिनीने कोट उचलला. "आता बसा, काका," ती म्हणाली, आणि आप्पाराव बसले.

सोमवारी सकाळी पालीहून दोन एस.ट्या होत्या. एक बीडला, एक तालुक्याला. मोहिनी तालुक्याच्या गाडीत चढली.

बार रूममध्ये ती शिरली तेव्हा सिदू खिडकीजवळ उभा होता, हातात फडकं, सोमवारची धूळ अजून झटकायची बाकी. आप्पाराव तिच्याआधी आलेले होते. त्यांनी रामकिसन वकिलांचा कोट खुर्चीवरून काढला, दोन्ही बाह्या आत घालून घडी केली आणि हातावर घेतला.

"काका, चला," सिदू कोटाला म्हणाला.

"ही खुर्ची डाव्या बाजूला डुगडुगती," आप्पाराव मोहिनीला म्हणाले. "खाली घडीचा कागद लाव. काकांनी शेवटपर्यंत जुन्या कॉजलिस्टीवर भागवलं."

मोहिनी बसली. खरंच डुगडुगत होती. पंख्याचा वारा बरोबर कपाळावर येत होता, आणि दारातून आत पाहणाऱ्याला सगळ्यांत आधी हीच खुर्ची दिसत होती. दुपारी मनकर्णाआत्याला ती तशीच दिसली.

"आता दिसलीस," आत्या म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर बसली. मग आवाज खाली करून, आप्पाराव पलीकडेच आहेत हे बघत, "त्यो आंगठा परत मिळतो का गं?"

वकील बदलायचा तर आधीच्या वकिलाची लेखी नाहरकत लागते. मोहिनी काही बोलायच्या आत आप्पारावांनी कागद ओढला. "हरकत घेऊन बघितली," ते म्हणाले, "उभं राहावं लागतं," आणि बसल्या बसल्या सही करून दिली.

सायकल स्टँडची शेड पावसाळ्याआधी संघाला मिळाली. चन्नप्पा शेट्यांनी दुकानातले जुने बाक पाठवले, चाचांनी फियाट कायमची सावलीत लावून टाकली. संघाचा पहिला नियम भिंतीवर रंगवून घेतला: कोट अंगात किंवा खुंटीला. त्याखाली ओळीने लाकडी खुंट्या. हळूहळू ही रीत बार रूममध्येही शिरली, कारण उकाड्यात आलेल्या माणसाला कोटावर बसवत नाही हे आप्पारावांइतकं कोणालाच कळलं नव्हतं, आणि खुंट्या ठोकून घेतल्या त्या त्यांनीच.

पुढे बऱ्याच वर्षांनी आप्पारावांच्या पुतण्याने बारावी सोडली, वकिली पास केली आणि सनद घेतली. आप्पाराव त्याला घेऊन शेडमध्ये आले. मोहिनी आता संघाची अध्यक्ष होती, केसांत थोडी चांदी.

"याला बसायला जागा न्हाई," आप्पाराव म्हणाले. "बार रूम गच्च भरलीय. लवकर येतेत सगळे."

"आमच्याकडं व्याख्या हाय, काका. ज्याच्या कोटाला खुर्ची न्हाई तो."

"तोच हाय हा." मग थोडं ओशाळून, "पन याचा चुलता वकील हाय, ते चालतंय का?"

"चालतंय की. त्यात त्याचा काय दोष?"

पोरगं बाकावर टेकलं. अंगात रामकिसन वकिलांचा कोट होता, खांद्यात जरा सैल, धूळ स्वच्छ झटकलेला. उकडायला लागलं तसा त्याने तो काढला आणि घराण्याच्या सवयीने पुढच्या बाकाच्या पाठीवर टाकायला हात लांब केला. आप्पारावांमागून आलेल्या सिदूने त्याच्या हातातून कोट घेतला, आणि खुंटीला लावला.